सांदिमेन

तैवानच्या दक्षिण टोकाकडील पिंगतुंग परगण्यातले डोंगराळ टाउनशिप, म्हणजे अनेक गावांचा प्रशासकीय विभाग. क्षेत्रफळ सुमारे १९६ चौ. किमी., गावे १०, लोकवस्ती साडेसात हजारांच्या आसपास. पिंगतुंगचे सपाट मैदान संपून मध्यवर्ती पर्वतरांग सुरू होते, तिथे आइल्याओ नदीच्या काठाने हा प्रदेश वर चढत जातो. पूर्वेला रुकाई या आदिवासी जमातीचे वूताई, दक्षिणेला माजिया, ही शेजारची टाउनशिपे. रहिवाशांत पैवान ही दुसरी आदिवासी जमात बहुसंख्य आहे. रुकाईंची वस्ती मुख्यतः छिंगये गावात आहे.

बाहेरच्याला या दोन जमाती सारख्याच वाटतात. दोघांची जुनी घरे पाटीच्या दगडाची, दोघांच्या कोरीवकामात विषारी ‘शंभर पावली’ साप, दोघांतही सरदार घराणी आणि सामान्य कुळे असा जन्मजात भेद. वारसाहक्कात मात्र त्या वेगळ्या पडतात. पैवानांत बहुतेक ठिकाणी थोरले अपत्य घराचे वारस ठरते, मग तो मुलगा असो की मुलगी. रुकाईंत हा मान सहसा थोरल्या मुलाला मिळतो. सांदिमेनचे बरेच पैवान ‘रावाल’ शाखेचे आहेत. दक्षिणेकडच्या पैवानांचा दर पाच वर्षांनी येणारा पितरांचा मोठा उत्सव या शाखेत नाही, त्यामुळे तो उत्सव सरसकट सर्व पैवानांच्या नावावर टाकणे चुकीचे ठरते.

काचमणी, मातीचे जुने रांजण आणि पितळी मुठीची सुरी ही पैवानांची तीन मोलाची चीजवस्तू. जुने मणी इथे घडलेले नाहीत. ते समुद्रमार्गे व्यापारातून आले असे अभ्यासक मानतात. घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या उतरणाऱ्या या मण्यांना स्वतंत्र नावे आणि कथा आहेत. सर्वांत मानाचा ‘मुलिमुलितान’ पूर्वी सरदार घराण्यांनीच मिरवायचा. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात स्थानिक कारागीर उमास यांनी मणी घडवण्याची रीत शोधून काढली आणि मग कार्यशाळा उभ्या राहिल्या. ज्योतीवर काचेची कांडी वितळवायची, ती धातूच्या तारेभोवती गुंडाळायची आणि वर रंगीत नक्षी ओढायची, असे हे काम. आज हे नवे मणी पर्यटकही विकत घेतात, पण लग्नाच्या देण्याघेण्यात जुन्या मण्यांचा मान निराळाच. दुहेरी नळीची, नाकाने वाजवायची बासरी ही इथली दुसरी मोठी कला. तिचे वादक पायरांग पावावाल्युंग यांना २०११ मध्ये राष्ट्रीय पातळीवर मान्यता मिळाली.

शेतात राळे, अळकुड्या आणि चाकवताच्या कुळातले तांबडे ‘जुलिस’. देवन गावात जपानी अमलापासूनची कॉफी. राळ्याच्या किंवा अळकुड्यांच्या पिठात डुकराचे मांस घालून ‘चिनावु’ करतात. ते आपल्या पातोळीसारखे पानात बांधून शिजवतात, फक्त इथे आतले पानही खातात.

ऑगस्ट २००९ मधील मोराकोट वादळाने दाशे आणि दालाई या गावांना जागा सोडायला लावली. दाशेकरांना पुढच्या वर्षअखेरीस शेजारच्या माजियातील रिनारी वसाहतीत घरे मिळाली, तीही माजिया आणि वूताईतून उठलेल्या दोन गावांच्या सोबत. परिणामी दाशे कागदोपत्री सांदिमेनचे, राहती माणसे दुसऱ्या टाउनशिपमध्ये. त्याच वादळात तुटलेल्या जुन्या पुलाच्या जागी २०१५ मध्ये २६२ मीटर लांबीचा झुलता पूल झाला, काचमण्यांची सजावट असलेला. पलीकडच्या काठावर माजियातले आदिवासी संस्कृती उद्यान आहे. बहुतेक पर्यटक एवढेच पाहून परततात. वरच्या गावांकडे फारच थोडे जातात.