पार्श्वभूमी : नजर आधी मंदावते, तोल मागाहून जातो

तळकोकणात चालताना तोल जायला लागला की बहुतेकांचे पहिले काही महिने पित्त, कानातला दोष आणि मानेचे मणके यांवरच्या उपचारांत जातात. मग कोणीतरी गोव्यात बांबोळीच्या मोठ्या इस्पितळात किंवा कोल्हापूरला पाठवतं आणि एमआरआय होतो. तोल घालवणाऱ्या काही आजारांत नजर मंदावते, आणि डोळ्यांची हालचाल पाहायला मशीन लागत नाही. समोर दोन पेनं धरायची, एकावरून दुसऱ्याकडे बघायला सांगायचं आणि बुबुळं किती झटकन पोचतात ते न्याहाळायचं, एवढंच.

नजर वर-खाली अडकण्याचा संबंध मध्यमेंदूशी आहे, हे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस फ्रान्समध्ये लक्षात आलं होतं. वारंवार पडणं आणि खाली न वळणारी नजर असलेल्या पीएसपी या मेंदूच्या आजाराचं वर्णन 1964 मध्ये कॅनडातून आलं.

आपल्या किनाऱ्याचा दुवा 1971 चा. मुंबईच्या दोन डॉक्टरांनी नऊ कुटुंबांतला एक आनुवंशिक आजार मांडला, ज्याला आता 'एससीए 2' म्हणतात. त्यात तोल जातो, बोलणं बोबडं होतं आणि नजर उडी न मारता सरपटत जाते. रुग्ण डोळे मिचकावून किंवा मान झटकून वेळ मारून नेतात, त्यामुळे घरच्यांच्या ते ध्यानात येत नाही. पाय अडखळले की गावात दारूचाच संशय घेतात, ते वेगळंच.

हा आजार खरंच नवा का, यावर पुढची पंचवीस वर्षं एकमत झालं नाही. मेंदूचा कुठला भाग आक्रसतो त्यावरून नाव द्यायची जुनी रीत होती. 1980 च्या दशकातल्या वर्गीकरणाने असले बरेच आजार एकाच 'प्रकार 1' मध्ये कोंबले आणि मंद नजर यादीतली एक ओळ होऊन बसली. वर्गीकरण करणाऱ्यांची बाजू अगदीच लंगडी नव्हती, कारण जवळच्या इतर आजारांतही नजर मंदावते. तरी नजरेसारखी ठळक खूण मागे ढकलली गेली, हे खरंच. 1996 मध्ये बाराव्या गुणसूत्रावरचा जीन सापडला. त्याच्या सांकेतिक लिपीतली तीन अक्षरं बहुतेकांत लागोपाठ 22 वेळा येतात, आजारात साधारण 33 किंवा त्याहून जास्त वेळा. 'एससीए 2' (स्पायनोसेरेबेलर अटॅक्सिया, प्रकार 2) हे नाव तेव्हापासून पक्कं झालं.

पुढे क्यूबातल्या कुटुंबांत दिसलं की, चाल नीट असलेल्या जीनवाहकांचीही नजर आधीच मंदावते. खरा पेच इथून सुरू होतो. आजार असलेल्या आई किंवा वडिलांकडून प्रत्येक मुलाला तो मिळण्याची शक्यता निम्मी, आणि पुढच्या पिढीत तो बरेचदा लवकर दिसतो. गणपतीला चाकरमानी घरी येतात, तेव्हा आजारी माणसाबरोबर धाकटा भाऊ, लग्नाची पुतणी असे सगळेच दवाखान्यात येऊन बसतात. जीनची तपासणी करायची तर समुपदेशन होतं, संमतीची सही घेतात, आणि लक्षणं नसलेल्या अल्पवयीन मुलांची ती करू नये असा संकेत आहे, कारण आजार थांबवणारं औषध अजून नाही. नजर तपासायला मात्र कोणाची सही लागत नाही. जाणत्या डॉक्टरला ती बाकावर बसलेल्या पुतणीकडे बघूनही कळू शकते.