शिवारफेरी

शिवारफेरी : गावाच्या शिवेच्या आतील माळ, ओढे, विहिरी, बांध आणि शेते पायी फिरून पाहण्याची व पाण्याची आवकजावक जागेवरच समजून घेण्याची सामूहिक पद्धत. महाराष्ट्रात पाणलोट विकासाचा आराखडा करण्यापूर्वी ती काढतात. जलसाक्षरतेच्या शिबिरांत व अभ्याससहलींतही वर्गातल्या तासांना तिची जोड दिलेली असते.

‘शिवार’ हा शब्द ‘शीव’शी, म्हणजेच संस्कृत ‘सीमा’शी निगडित मानतात. व्यवहारात मात्र शिवार म्हणजे हद्दीची रेघ नव्हे, रेघेच्या आतली सारी जमीन. ‘शिवारफेरी’ हा जोडशब्द बराच अलीकडचा दिसतो. ‘प्रभातफेरी’च्या धर्तीवर तो घडला असण्याचा संभव आहे.

उगमाविषयी एकवाक्यता नाही. काही लेखक ही परंपरा थेट वराहमिहिराच्या (इ. स. सहावे शतक) बृहत्संहितेतील दकार्गल प्रकरणापर्यंत नेतात. झाडे, वारुळे, माती व खडक यांच्या खुणांवरून भूजल कोठे व किती खोल असेल, याचे आडाखे त्या प्रकरणात आहेत. गावोगावचे पाणाडे आजही असेच आडाखे सांगतात. त्यांचा खरेखोटेपणा हा वेगळा विषय. पण दकार्गलातील जाणकार एकटा आहे, गाव त्याच्यामागे फिरत नाही. तेव्हा हा धागा ज्ञानाचा मानता येईल, पद्धतीचा मानणे कठीण.

दुसरे मत महात्मा जोतीराव फुले यांच्याकडे बोट दाखवते. ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये (१८८३) त्यांनी सरकारला सुचवले होते, की पाणाड्यांकडून जमिनींची तपासणी करवावी आणि पाण्याचे झरे सापडतील त्या जागांच्या खुणा गावाच्या नकाशात नोंदवाव्यात. पावसाचे पाणी शेतात मुरावे म्हणून ताली व बंधारे बांधण्याचा आग्रहही तेथे आहे. फिरणे, पाहणे व नकाशावर उतरवणे ही तिन्ही अंगे येथे एकत्र येतात. मात्र ही सूचना राज्यकर्त्यांसाठी होती. ती अमलात येऊन त्यातूनच आजची फेरी निघाली, असे म्हणण्यास आधार तोकडा आहे.

तिसरे मत ‘पीआरए’ या आद्याक्षरांनी ओळखल्या जाणाऱ्या ग्रामीण सहभागीय मूल्यांकन पद्धतीचे. १९८०च्या दशकाच्या अखेरीस ही पद्धत भारतातील स्वयंसेवी संस्थांमध्ये रुजली. तिच्यातील ‘ट्रान्सेक्ट वॉक’, म्हणजे गाव आडवे छेदून जाणारी चाल, आणि शिवारफेरी यांत साम्य उघड आहे. हनुमंतराव समितीच्या शिफारशींनंतर १९९५पासून केंद्राच्या पाणलोट कार्यक्रमांत लोकसहभागावर भर आला, तेव्हा हे तंत्र सरकारी कामातही शिरले. आजच्या फेरीतील नोंदींचा साचा बहुधा याच वाटेने आला असावा. गावकऱ्याने पाहुण्याला शिवार दाखवणे त्याहून पुष्कळ जुने आहे.

फेरी माथ्यापासून सुरू करून पायथ्याकडे उतरते, कारण पाणीही तसेच उतरते. माथ्यावर उतार व झाडोरा पाहतात आणि समतल, म्हणजे सारख्या उंचीवरून जाणारी रेषा आखण्याचे प्रात्यक्षिक होते. त्यासाठीची ‘ए-फ्रेम’ म्हणजे दोन सारख्या लांबीचे पाय, मध्ये आडवी पट्टी आणि शेंड्यावरून सोडलेला ओळंबा. आधी ती जुळवून घ्यावी लागते. चौकट उभी करून दोरी पट्टीवर जेथे येते तेथे खूण करायची, पायांची अदलाबदल करून दुसरी खूण करायची. दोन्ही खुणांचा मध्य हा समतलाचा बिंदू. मग एक पाय रोवून दुसरा फिरवत, दोरी मध्यावर आली की पायाशी फक्की टाकत पुढे सरकतात. उमटणारी रेघ टेकडीच्या अंगावरून नागमोडी जाते. सलग समतल चर तिच्यावरच खोदायचा असतो. चर सरळ खोदला, की पाणी सखल टोकाशी साचून तेथूनच फोडून जाते.

विहिरीशी थांबा मोठा असतो. राज्याच्या ८० टक्क्यांहून अधिक क्षेत्राखाली दख्खनचा बेसाल्ट आहे आणि न बांधलेल्या विहिरीच्या कडेत त्याचे थर उघडे दिसतात : वर माती व मुरूम, खाली मांजऱ्या हा तुलनेने मऊ खडक, मग काळा पाषाण. ओल कोणत्या थरातून पाझरते हे बॅटरीच्या उजेडात पाहता येते. पाण्याची पातळी टेपने मोजताना कठड्याची उंची वजा करायची असते, आणि नवखे हमखास ती विसरतात.

ओढ्यात उतरल्यावर मतभेद सुरू होतात. शिरपूर पद्धतीचे समर्थक नाला रुंद व खोल करून बंधारे घालण्यावर भर देतात, तर पाणलोटवाले वरच्या अंगाचे उपचार (चर, बांध यांसारखी कामे) झाल्याशिवाय ओढ्याला हात लावू नये म्हणतात. गाळ वरून येतच राहणार असेल, तर दुसरे म्हणणे अधिक ग्राह्य वाटते.

फेरीच्या नोंदींवरून पाण्याचा ताळेबंद मांडतात. एक हेक्टरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे १०,००० लिटर. ८०० हेक्टरांच्या शिवारात ५०० मिमी पाऊस झाला, तर ४०० कोटी लिटर, म्हणजेच ४,००० टीसीएम (१ टीसीएम = १,००० घनमीटर) पाणी पडते. त्यातून बाष्पीभवन व वाहून जाणारे पाणी वजा केल्यावर पिकांच्या गरजेशी मेळ घालतात. हिवरे बाजार या गावाने हा हिशेब ग्रामसभेत मांडून त्यावर पिके ठरवण्याची प्रथा पाडली. तेथे अभ्यासासाठी येणाऱ्यांचा ओघ त्यामुळेच.

प्रशिक्षणाचे स्वरूप काळानुसार बदलले. औरंगाबादची (आता छत्रपती संभाजीनगर) वाल्मी (जल व भूमी व्यवस्थापन संस्था) १९८०मध्ये निघाली. तिचा भर प्रामुख्याने सिंचन अधिकाऱ्यांवर होता. १९९३मध्ये स्थापन झालेल्या वॉटर (वॉटरशेड ऑर्गनायझेशन ट्रस्ट) या स्वयंसेवी संस्थेने गावकऱ्यांच्या पाणलोट प्रशिक्षणावर लक्ष दिले. डिसेंबर २०१४मधील जलयुक्त शिवार अभियानात गाव आराखड्याआधीची शिवारफेरी हा कार्यपद्धतीचा भाग झाला. पानी फाउंडेशनने २०१६मध्ये वरूड, अंबाजोगाई व कोरेगाव या तीन तालुक्यांत गावांमध्ये जलसंधारणाची स्पर्धा घेतली, तेव्हा गावातून निवडलेल्यांना आधी निवासी प्रशिक्षण दिले. केंद्राची अटल भूजल योजना (२०१९) गावपातळीवरील जलसुरक्षा आराखड्यावर उभारली गेली. शाळा-महाविद्यालयांच्या सहलीही निघतात, पण त्या बहुधा धरण वा जलशुद्धीकरण केंद्र पाहून परततात. जीपमधून झालेली पाहणी कागदावर शिवारफेरी म्हणून लागते, तो प्रकार येथे धरलेला नाही.

फेरीची सोय उन्हाळ्यात : वाटा कोरड्या, विहिरी तळाला, शेतकरी तुलनेने मोकळा. भर पावसातली फेरी त्रासाची असली तरी तिच्यात काही गोष्टी मोजल्याविना कळतात. दोन ओघळी ओढ्याला मिळतात तेथे एकीचे पाणी गढूळ तांबडे आणि दुसरीचे नितळ असेल, तर माती कोणत्या अंगाची वाहते आहे हे काठावरून दिसते.