फॉर्मवर तीन हॅश छापलेत, खूण कशावर करायची?

नमस्कार मंडळी,

स्कॅनिंगला, सीसीटीव्हीच्या कॉपीला नाहीतर बॅकअपला आमच्या धंतोलीच्या ऑफिसात येणारा जवळपास प्रत्येक जण आता एकच विचारून राहिला, की भाऊ त्या सर्टिफिकेटवर हॅशची तीन तीन नावं आहेत, आपण कोणतं घ्यायचं? प्रत्येकाला काउंटरवर उभ्या उभ्या सांगताना अर्धं राहून जातं, म्हणून हे पत्रक. घरी नेऊन निवांत वाचा.

सर्टिफिकेट म्हणजे भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं, डिजिटल पुरावा कोर्टात देताना जोडावं लागतं ते. हा कायदा १ जुलै २०२४ पासून लागू झाला आणि त्याला जोडलेल्या नमुन्यात हॅश कशाने काढला ते सांगायला शा-१, शा-२५६, एमडी५ आणि इतर असे पर्याय छापलेले आहेत. छापलेत म्हणजे तिन्ही सारखेच पक्के असं कोणालाही वाटेल, पण तसं नाहीये. आम्ही सगळ्यांना शा-२५६ च घ्या म्हणतो. वकीलसाहेबांना विचारूनच भरा, पण त्यांच्याशी बोलताना खालचं माहीत असलेलं बरं.

हॅश म्हणजे फाइलचा अंगठा म्हणा. दोन पानांचं भाडेपत्र असो की २ टीबीची अख्खी डिस्क, त्यातून ठरलेल्या लांबीचा एक आकडा निघतो, एमडी५ चा ३२ अक्षरांचा, शा-१ चा ४० आणि शा-२५६ चा ६४. फाइलमधला एक काना जरी बदलला तरी पूर्ण आकडा बदलतो. आता फाइली जगात कितीही होऊ शकतात आणि आकडे मोजकेच, म्हणजे कुठेतरी दोन वेगळ्या फाइलींचा आकडा सारखा येणारच, त्यालाच कोलिजन म्हणतात. प्रश्न एवढाच की अशी जोडी कोणी मुद्दाम बनवू शकतो का.

इथे एक गोष्ट नीट समजून घ्या, कारण सगळा घोळ इथेच होतो. लग्नाच्या पंगतीत २३ माणसं बसली असतील तर त्यातल्या कोणा दोघांचा वाढदिवस एकाच तारखेला असण्याची शक्यता अर्ध्याहून थोडी जास्त असते. पण *तुमच्याच* तारखेचा माणूस सापडायचा तेवढाच चान्स हवा असेल तर २५३ माणसं बसवावी लागतील. हॅशचंही तेच. तुमच्याकडे आधीपासून असलेल्या फाइलशी जुळणारी दुसरी फाइल बनवणं फार अवघड, पण दोन्ही फाइली आपल्याच हाताने बनवायच्या असतील तर काम कितीतरी सोपं होऊन जातं. म्हणून कोलिजनचा धोका बाहेरच्या चोराकडून कमी आणि जो तुम्हाला फाइल बनवून देतो त्याच्याकडून जास्त.

समजा बेसा भागातल्या प्लॉटचा सौदा आहे. समोरच्याने दोन पीडीएफ आधीच करून ठेवल्या, एकीत ४० लाख, दुसरीत ६० लाख, आणि दोन्हींचा एमडी५ एकच. तुम्ही ४० लाखवाली वाचली, मान्य केली, हॅश लिहून घेतला, सही केली. सहा महिन्यांनी तो दुसरी पुढे करतो, तपासणारा हॅश काढतो आणि हॅश जुळतो! तुम्ही कितीही ओरडून सांगा की माझी फाइल वेगळी होती, कागदावर तुमचीच सही आणि आकडाही तोच.

हे नुसतं समजा-समजा नाही. एमडी५ चं कोलिजन चीनच्या शाओयुन वांग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ मध्येच दाखवलं. २००८ मध्ये संशोधकांनी २०० प्लेस्टेशन-३ जोडून त्याच पद्धतीने नकली सर्टिफिकेट अथॉरिटी (म्हणजे वेबसाइट खरी आहे अशी डिजिटल ग्वाही देणारी संस्था) तयार करून दाखवली आणि २०१२ मध्ये सापडलेल्या फ्लेम या व्हायरसने हीच युक्ती वापरून मायक्रोसॉफ्टची सही नकली केली होती. आज साध्या लॅपटॉपवर एमडी५ ची जोडी काही सेकंदांत निघते.

शा-१ जरा जास्त टिकला. २०१७ च्या फेब्रुवारीत ॲमस्टरडॅमची सीडब्ल्यूआय संस्था आणि गूगल यांनी एकच शा-१ असलेल्या दोन वेगळ्या पीडीएफ जाहीर केल्या. त्याला एका प्रोसेसरची ६५०० वर्षं आणि एका ग्राफिक कार्डाची ११० वर्षं एवढी मेहनत लागली होती, म्हणून काही लोकं म्हणाले की हे कोण करणार. पण २०२० मध्ये त्याहून घातक प्रकार, म्हणजे सुरुवात पूर्ण वेगळी असलेल्या दोन फाइली जुळवणं, भाड्याच्या ग्राफिक कार्डांवर साधारण ४५ हजार डॉलरमध्ये होतो हे दाखवलं गेलं. कोट्यवधीच्या जमिनीच्या वादात एवढा खर्च कोणी करणार नाही असं आम्ही तरी छातीठोकपणे सांगू शकत नाही. तांत्रिक मानकं ठरवणाऱ्या अमेरिकेच्या निस्ट संस्थेनेही २०३० च्या शेवटापर्यंत शा-१ वापरणं पूर्ण बंद करा असं सांगितलेलं आहे.

शा-२५६ हा २००१ पासून आहे आणि त्याचं पूर्ण कोलिजन आजवर कोणी दाखवलेलं नाही. नुसत्या धडपडीने जोडी शोधायची तर जेवढे प्रयत्न लागतील ती संख्या ३९ अंकी आहे. शा-३ हा २०१५ चा, त्याची आतली रचना पूर्ण वेगळी, म्हणजे उद्या शा-२५६ ला काही झालंच तर हाताशी दुसरा रस्ता आहे. तोही उत्तमच. पण समोरच्या पार्टीकडे, बँकेत, कोर्टात तपासणाऱ्याला शा-२५६ चटकन काढता येतो, म्हणून रोजच्या कामाला तोच.

बरेच जण म्हणतात एमडी५ आणि शा-१ दोन्ही लिहितो, दोन कुलपं लागली की झालं. नाही होत. फ्रेंच संशोधक आँतवान झू यांनी २००४ मध्ये दाखवून दिलं की असे दोन हॅश शेजारी ठेवले तरी त्यातल्या चांगल्या हॅशपेक्षा फारशी जास्त ताकद मिळत नाही.

मग जुन्या एमडी५ च्या याद्या फेकायच्या का? आमच्याकडेही बऱ्याच ग्राहकांच्या तशा याद्या आहेत, कारण आम्ही स्वतः कित्येक वर्षं एमडी५ च देत होतो, तो आमचा चुकीचा निर्णय होता आणि आता दुरुस्त करून राहिलो. ज्या फाइली तुमच्या स्वतःच्या स्कॅनच्या आहेत त्यांच्या याद्या ठेवा, कारण आधीच्या फाइलला जुळणारी दुसरी बनवणं एमडी५ मध्येही अजून कोणाला प्रत्यक्षात जमलेलं नाही. पण आत्ताच त्याच फाइलींची शा-२५६ ची नवी यादी करून तारखेसह सही करून ठेवा. समोरच्याने बनवून दिलेली फाइल असेल तर जुन्या एमडी५ वर अजिबात विसंबू नका.

आता हाताने होणाऱ्या चुका. विंडोजवर सर्टयुटिल कमांडने हॅश काढताना अल्गोरिदमचं नाव टाकायचं राहिलं तर ती शा-१ काढून देते, त्यामुळे अक्षरं मोजा, ६४ भरलीच पाहिजेत. मागे एका वकीलसाहेबांचे ज्युनिअर रात्री आठला धावत आले, हॅश जुळत नाही म्हणून चेहरा उतरलेला. आम्ही पेनड्राइव्ह लावला, फाइल एकदम बरोबर होती, फॉर्मवर पेनाने लिहिताना स्मॉल बी चा ६ झाला होता, बस! तेव्हापासून आमच्या पावतीवर हॅश नेहमी छापूनच देतो, चार-चार अक्षरांचे गट करून.

सुरुवातीची आठ आणि शेवटची आठ अक्षरं पाहून "जुळलं" म्हणू नका. तेवढ्या सोळा अक्षरांची जोडी बनवायला साधारण ४३० कोटी प्रयत्न पुरतात, ते लॅपटॉपचं काम आहे. ६४ च्या ६४ जुळवा. व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवलेली फाइल दाबून छोटी होते, तिचा हॅश कधीच जुळणार नाही, डॉक्युमेंट म्हणून पाठवा. आणि हॅशची चिठ्ठी त्याच पेनड्राइव्हमध्ये ठेवू नका, फाइल बदलणारा चिठ्ठीही बदलेल.

ज्यांचं स्वतःचं बिलिंग सॉफ्टवेअर आहे त्यांच्यासाठी एकच, पासवर्ड नुसत्या शा-२५६ मध्ये साठवू नका, तिथे वेग हाच दुश्मन असतो, कारण चोराला भराभर अंदाज लावून पाहता येतात, डेव्हलपरला आर्गॉन२ नाहीतर बीक्रिप्ट या मुद्दाम सावकाश चालणाऱ्या पद्धती लावायला सांगा.

राहिला वेळेचा मुद्दा. एमडी५ लवकर होतो म्हणून तोच द्या असं जे म्हणतात त्यांनी लक्षात घ्या, वेळ डिस्क वाचायला लागतो, हॅशला नाही. सीसीटीव्हीची २ टीबीची हार्ड डिस्क सेकंदाला १५० एमबीने वाचली तर पावणेचार तास लागतात, हॅश कोणताही घ्या. म्हणून एवढी मोठी डिस्क असेल तर दुपारी बारापर्यंत आणून द्या, संध्याकाळी छापील शा-२५६ सकट परत घेऊन जा.