रोजच्या वापरासाठी छोटी इलेक्ट्रिक हॅचबॅक: घेण्याआधीची तपासणी

नवी किंवा वापरलेली छोटी इलेक्ट्रिक गाडी बघायला निघालेल्या ग्राहकांसाठी हे माहितीपत्रक आहे. आमच्याकडे तपासणीला गाडी आणण्याआधी यातली बरीच पाहणी घरच्या घरी उरकता येते. सोबत टायरची हवा मोजायचा गेज, टॉर्च आणि कागद-पेन ठेवा.

आधी स्वतःचा दिवस मोजा

रोजचे सरासरी किलोमीटर धरून गाडी निवडू नका. महिन्यातला सर्वांत लांबचा दिवस धरा, तोही एसी किंवा हीटर चालू ठेवून. मग हा हिशोब करा.

बॅटरीची क्षमता किलोवॅट-तासात, म्हणजे वीजबिलावरच्या युनिटमध्ये मोजतात. त्यातला थोडा भाग बॅटरीच्या संरक्षणासाठी राखून ठेवलेला असतो. २४ युनिटच्या बॅटरीत प्रत्यक्ष वापरायला २२ मिळतात असे समजू. त्यातले १० टक्के तळाशी राखीव ठेवा आणि २० टक्के पुढच्या काही वर्षांत होणाऱ्या झिजेसाठी सोडा. उरले १५.४ युनिट. छोटी हॅचबॅक मिश्र रस्त्यावर १०० किलोमीटरला साधारण १२ ते १६ युनिट खाते. १४ धरले तर ११० किलोमीटर होतात. तुमचा लांबचा दिवस एवढ्यात बसत असेल, तर मोठ्या बॅटरीचे वजन आणि खर्च वागवण्यात आम्हाला तरी अर्थ दिसत नाही.

जाहिरातीतला रेंजचा, म्हणजे एका चार्जमध्ये किती किलोमीटर जाईल त्याचा, आकडा कोणत्या चाचणीतला आहे, हे आवर्जून विचारा. एनईडीसी या जुन्या युरोपीय चाचणीत गाडी सुमारे ११ किलोमीटर चालते आणि सरासरी वेग ताशी ३४ किलोमीटरच्या आसपास असतो. तिच्या जागी आलेली डब्ल्यूएलटीपी चाचणी २३ किलोमीटरची आहे, तिचा सरासरी वेग ४६ च्या पुढे आणि कमाल १३१ आहे. ती प्रत्यक्षाच्या जास्त जवळ जाते. मात्र एका गाडीचा आकडा या चाचणीतला आणि दुसरीचा त्या चाचणीतला असेल, तर दोन्ही शेजारी ठेवून काहीच कळत नाही.

वीज जाते कुठे

हायवेवर ती वारा खातो. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ताशी ८० ऐवजी ११० ने गेलात, तर निव्वळ हवा कापायला दर किलोमीटरला जवळपास १.९ पट ऊर्जा लागते.

शहरात मात्र चोर वेगळा असतो. हीटर आणि एसी किलोमीटरवर नाही, तासावर वीज घेतात. हीटर २ किलोवॅट घेत असेल आणि ट्रॅफिकमध्ये तासाला २० किलोमीटरच होत असतील, तर १०० किलोमीटरमागे १० युनिट जास्तीचे गेले, म्हणजे वापर पावणेदोन पटीच्या घरात. तोच हीटर ताशी ८० च्या वेगाला १०० किलोमीटरमागे फक्त अडीच युनिट घेतो. थंड प्रदेशात गाडी वापरायची असेल, तर हीट पंप, म्हणजे बाहेरच्या हवेतली उष्णता आत आणणारी यंत्रणा, आहे का ते विचारा; साध्या हीटरपेक्षा तो बरीच कमी वीज घेतो. सीट गरम करायची सोय असली तर तीही कामाची, कारण सगळी केबिन तापवण्यापेक्षा माणसाला ऊब देणे स्वस्त पडते.

बॅटरी किती उरली आहे

स्क्रीनवरचा ‘उरलेले किलोमीटर’ हा आकडा आधी गाडी कशी चालवली त्यावरून काढलेला अंदाज असतो. विकणाऱ्याने काही दिवस हळू चालवली असेल, तर तो आपोआप छान दिसतो. त्यावर भाव ठरवू नका. त्याऐवजी असे करा.

१. टायरमधली हवा दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरप्रमाणे भरा.
२. ८० ते ९० टक्के चार्जवर ट्रिप मीटर शून्य करा आणि टक्केवारी लिहून ठेवा.
३. नेहमीच्या रस्त्यावर, निम्मा चार्ज खर्च होईपर्यंत चालवा.
४. झालेले किलोमीटर, सरासरी वापर आणि उरलेली टक्केवारी लिहा.

समजा ८४ टक्क्यांवरून ३४ वर आलात, ७५ किलोमीटर झाले आणि सरासरी वापर १०० किलोमीटरला १३.२ युनिट दिसला. खर्च झाले ९.९ युनिट, तेही ५० टक्क्यांत. म्हणजे पूर्ण बॅटरी १९.८ युनिटची. नवी असताना वापरायला २२ मिळत असतील, तर ९० टक्के शिल्लक आहे. दहा-बारा टक्केच खर्चून हा हिशोब करू नका. स्क्रीनवर टक्का पूर्णांकात दिसतो, त्यामुळे एका टक्क्याची चूक उत्तरात दहा टक्क्यांपर्यंत जाते. काही गाड्यांचा मीटर एसीचा वापर सरासरीत धरत नाही, म्हणून चाचणीपुरता एसी बंद ठेवलेला बरा.

पट्ट्यांच्या मीटरवरही भिस्त नको. जुन्या निसान लीफमध्ये बॅटरीच्या आरोग्याच्या बारा पट्ट्या दिसतात, पण पहिली पट्टी जाते तेव्हा सुमारे १५ टक्के क्षमता आधीच गेलेली असते.

बॅटरीची वॉरंटी अनेक कंपन्या ८ वर्षे किंवा १,६०,००० किलोमीटर, यातले जे आधी होईल तेवढी देतात, आणि क्षमता ७० टक्क्यांखाली गेली तरच ती लागू होते. ७२ टक्क्यांची बॅटरी थकलेली असली, तरी कागदावर ती ‘चांगली’ ठरते.

चार्जिंग

२३० व्होल्टच्या १० अँपिअर पॉइंटवर २.३ किलोवॅट मिळतात. तोटा वजा जाता बॅटरीत पोचतात साधारण २. वर धरलेली २४ युनिटची गाडी २० वरून ८० टक्के व्हायला सात तास लागतात, म्हणजे रात्रभरात काम होते. ३२ अँपिअरचा वॉलबॉक्स, म्हणजे भिंतीवर बसवायचा चार्जिंग पॉइंट, ७.४ किलोवॅट देतो, पण गाडीत बसवलेला ऑनबोर्ड चार्जर ३.३ किलोवॅटचा असेल तर तो तेवढेच घेणार. वॉलबॉक्स घेण्याआधी हे बघा.

साधा पॉइंट तासन् तास पूर्ण भार वाहायला बनवलेला नसतो. आत स्क्रू सैल असेल तर तिथे उष्णता साठते, प्लास्टिक पिवळे पडते आणि शेवटी वितळते. चार्जिंग सुरू झाल्यावर अर्ध्या तासाने प्लगला हात लावा. हात ठेववत नसेल तर लगेच बंद करून इलेक्ट्रिशियनला बोलवा. गुंडाळलेली एक्स्टेन्शन वायर तर नकोच. चार्जर लाल दिवा दाखवून थांबत असेल, तर गाडीला दोष देण्याआधी अर्थिंग तपासून घ्या. अर्थिंग नसले तर अनेक चार्जर सुरूच होत नाहीत, आणि ते बरोबरच आहे.

फास्ट चार्जिंगचे पोर्ट सगळ्या छोट्या गाड्यांना नसते. असले तरी ८० टक्क्यांनंतर वेग खाली येतो.

नजरेने बघायच्या जागा

चार्जिंग पोर्टच्या पिना टॉर्चने बघा. काळपट डाग किंवा मऊ पडलेले प्लास्टिक म्हणजे तिथे कधीतरी संपर्क सैल होता. गाडीखाली बॅटरीच्या आवरणाला पोचा किंवा खोल ओरखडा असेल, तर तिथून पाणी शिरू शकते. केशरी रंगाच्या केबलना मात्र हात लावू नका.

ब्रेक डिस्कवर चाक फिरूनही न जाणारा गंज, ही इलेक्ट्रिक गाडीची खास तक्रार. वेग कमी करताना मोटरच वीज परत मिळवते, त्यामुळे ब्रेक पॅड कमी वापरले जातात आणि कॅलिपरच्या (पॅड डिस्कवर दाबणाऱ्या भागाच्या) पिना अडकतात. पॅड जाड दिसले म्हणून ब्रेक चांगले आहेत असे समजू नका.

गाडी ‘रेडी’ होत नसेल, म्हणजे चालू करूनही निघायला तयार होत नसेल, तर बहुतेक वेळा दोष मोठ्या बॅटरीत नसून १२ व्होल्टच्या छोट्या बॅटरीत निघतो. मोठ्या बॅटरीला जोडणारा स्विच तिच्यावरच चालतो.

आमच्याकडे गाडी आणताना

चार्ज ८० टक्क्यांच्या वर असू द्या. दोन्ही किल्ल्या, चार्जिंग केबल आणि सर्व्हिसची कागदपत्रे सोबत आणा. डिस्कवरचा गंज पाण्याने धुऊन आणू नका आणि १२ व्होल्टची बॅटरी आदल्या रात्री मुद्दाम चार्ज करू नका; दोन्ही आहे त्या स्थितीतच बघावे लागते.