‘येड्यागत’ आणि ‘जणू काय’: चौथीच्या वर्गातली उपमा आणि उत्प्रेक्षा

मधल्या सुट्टीत कोल्हापुरातल्या कुठल्याही प्राथमिक शाळेच्या मैदानाकडेला जरा वेळ उभं राहिलं की दोन वाक्यं हमखास कानावर येतात. एक, “येड्यागत काय पळतोयस?” आणि दुसरं, “जनू काय तुझ्या बापाचंच मैदान हाय!” पहिल्यात उपमा आहे, दुसऱ्यात उत्प्रेक्षा. चौथीतल्या पोराला दोन्ही येतात आणि कुठली कुठं वापरायची हेही बरोबर कळतं. भांडणात त्याची गल्लत होत नाही. ती सुरू होते फळ्यावर व्याख्या लिहिल्यावर.

व्याख्या चुकीची नसते. उपमेय (ज्याचं वर्णन करायचं ते) उपमानासारखं (ज्याच्याशी तुलना करायची त्यासारखं) आहे असं सांगितलं की उपमा. उपमेय हे जणू उपमानच आहे अशी कल्पना केली की उत्प्रेक्षा. त्याखाली शब्दांच्या दोन रांगा येतात. इकडे सारखा, समान, प्रमाणे, वाणी, परी, गत. तिकडे जणू, जणू काही, वाटे, भासे, गमे. पोरं रांगा पाठ करतात आणि व्याख्या सोडून देतात. ‘सारखा’ दिसला की उपमा, ‘जणू’ दिसला की उत्प्रेक्षा, वाक्य वाचायची गरजच नाही. आणि बहुतेक वेळा उत्तर बरोबरही येतं, त्यामुळे शिक्षकांनाही वाटतं की मुलांना कळलं.

प्राथमिक वर्गात अलंकाराची नावं उशिरा सांगावीत आणि कविता आधी आणावी, या मताचा मी आहे. पाठ्यपुस्तकातली निसर्गकविता चालेलच, पण गावातली वस्तू असली की पोरं हक्काने तोंड उघडतात. करवीर-पन्हाळ्याच्या मुलांना गूळ समजावून सांगावा लागत नाही. म्हणून वर्गापुरत्या या आठ ओळी जुळवल्या आहेत (काहिल म्हणजे रस आटवायची मोठी कढई):

काहिलीत रस शिजे
मधावाणी दाट,
वासापायी चुकली की
शाळेचीच वाट!

गुऱ्हाळाचा धूर बघा
चढे वर वर,
जणू कुणी आभाळाला
धाडतो खबर.

कविता म्हणून फार मोठी नाही, पण दोन्ही अलंकार शेजारी शेजारी बसलेत आणि दोन्हींची वागणूक वेगळी आहे, ती मुलांच्याच तोंडून बाहेर येते. पहिल्या दोन ओळी वाचल्या की गुऱ्हाळाजवळ राहणारं एखादं पोर हात वर करतं: “सर, चूक हाय. रस आधी पाण्यावाणीच असतोय. मधावाणी काकवी असतीय.” त्याचं शंभर टक्के बरोबर आहे. उसाचा रस काहिलीत ओतला, चुलवाणात चिपाडं पेटली, भेंडीचं पाणी घालून मळी वर आली आणि ती काढली, तरी रस बराच वेळ पातळच असतो. आटत आटत तो काकवीला, म्हणजे गूळ व्हायच्या आधीच्या दाट पाकाला, येतो तेव्हा मधाची उपमा लागू पडते. अशा वेळी पोराला गप्प बसवू नये. “मग ओळ दुरुस्त कर,” म्हणावं. ‘शिजे’ काढून ‘आटे’ घातलं की झालं. ‘काहिलीत रस आटे, मधावाणी दाट.’ अक्षरंही तेवढीच, यमकालाही धक्का नाही.

आता खालच्या चार ओळी वाचाव्यात. धूर आभाळाला खबर धाडतो हे तर रसाच्या दाटपणापेक्षा किती तरी जास्त खोटं. पण “सर, धूर खबर देत नसतोय” म्हणून कुणी हात वर करत नाही. प्रश्न येतात ते असे: “कसली खबर?”, “आभाळ काय म्हटलं मग?”

मुलांनी दोन कडव्यांना जी दोन वेगळी उत्तरं दिली, तिथेच दोन अलंकारांतला फरक आहे. उपमा हे विधान असतं. ‘दाटपणाच्या बाबतीत हा त्या वस्तूसारखा’ असं ती छातीठोकपणे सांगते, म्हणून ती तपासता येते. चपखल की ओढूनताणून आणलेली, हे ठरवता येतं. उत्प्रेक्षा कल्पनेची उडी मारते. ती खरी नाही हे बोलणाऱ्यालाही ठाऊक असतं, ऐकणाऱ्यालाही. ‘जणू’ म्हणून दोघांनी तसा करार केलेला असतो. म्हणून तिला खरं-खोटं विचारायचं नसतं, पुढं काय ते विचारायचं.

अकराव्या शतकातल्या काश्मीरच्या मम्मट या काव्यशास्त्रकाराने हेच फार थोडक्यात मांडलंय. उपमेबद्दल तो म्हणतो ‘साधर्म्यमुपमा भेदे’. म्हणजे दोन वस्तू वेगळ्या आहेत हे कायम ठेवून त्यांच्यातलं साम्य दाखवणं. उत्प्रेक्षेला तो ‘संभावन’ म्हणतो: समोरची वस्तू दुसरीच असावी अशी शक्यता मनात धरणं. काकवी आणि मध यांच्या बरण्या वेगळ्याच राहतात. धुराच्या बाबतीत मात्र घटकाभर धूर उरतच नाही, निरोप्या उरतो.

म्हणून चौथीच्या वर्गात शब्दांच्या रांगांपेक्षा दोन प्रश्न द्यावेत. उपमा वाटली तर विचारा, “कशात सारखं?” उत्तर म्हणून एक गुण मिळायला हवा: दाट, लाल, टणक, चपळ. व्याकरणात त्याला साधारण धर्म म्हणतात; चौथीला तो शब्द नाही सांगितला तरी काही बिघडत नाही. उत्प्रेक्षा वाटली तर विचारा, “तसं का वाटलं?” किंवा “मग पुढं काय झालं?” उत्तर म्हणून एखादी छोटी गोष्ट निघायला लागते.

या दुसऱ्या प्रश्नासाठी कोल्हापूरइतकं सोयीचं गाव नाही. चैत्र पौर्णिमेला जोतिबाचा डोंगर गुलालाने गुलाबी होतो. ‘डोंगर गुलाबी झाला’ या वाक्यात अलंकार कुठला, असं विचारून बघा. पोरं उत्तरं शोधत बसतात, आणि त्यांतलीच दोन-चार जण हसून सांगतात की अलंकार कसला, खरंच गुलाबी होतो. सासनकाठ्या (देवाच्या मिरवणुकीतल्या उंच काठ्या) नाचतात, गुलाल उधळला जातो, झालं. आता हेच वाक्य असं करा: ‘एवढी माणसं बघून डोंगर जणू लाजला.’ रंग तोच राहिला, पण त्याचं खरं कारण बाजूला सारून कवीने आपलं कारण घुसवलं. काव्यशास्त्रात याला हेतूत्प्रेक्षा म्हणतात. लहान मुलांना उत्प्रेक्षेच्या सगळ्या प्रकारांत हा सर्वांत लवकर जमतो, कारण खोटी कारणं सांगण्यात त्यांचा हात कुणी धरणार नाही. गृहपाठ का झाला नाही, हे एकदा विचारून पाहावं.

उपमेने त्याच डोंगराचं काय होतं? ‘डोंगर गुलाबाच्या ढिगासारखा गुलाबी दिसत होता.’ चित्र बरं आहे, नजरेला रंग नेमका दाखवतं आणि थांबतं. हा उपमेचा दोष मानू नये. नेमकेपणा हवा असतो तिथे उत्प्रेक्षा उगाच फाटे फोडते.

शब्दांच्या रांगा कुठे फसवतात, तेही मुलांना दाखवायलाच हवं. ‘कुणी हाक मारल्यासारखी झाडं वळली.’ यात ‘सारखी’ आहे, म्हणजे पाठांतराच्या हिशेबाने उपमा. पण “कशात सारखं?” विचारलं की उत्तर सापडत नाही, कारण झाडाची दुसऱ्या कुठल्या वस्तूशी तुलनाच झालेली नाही. कुणी तरी हाक मारली, ही कल्पना आहे. ‘सारखी’ लावूनही ही उत्प्रेक्षाच. नामाला जोडलेला ‘सारखा’ आणि क्रियेला जोडलेला ‘सारखा’ यांत हा फरक बऱ्याचदा दिसतो. ‘मोत्यासारखे थेंब’ उपमा. ‘रडल्यासारखं आभाळ’ उत्प्रेक्षेकडे झुकलेलं.

हा वाद आजचा नाही. संस्कृतात ‘इव’ हा एकच शब्द दोन्हीकडे चालतो. साधारण सातव्या-आठव्या शतकातल्या दंडीने ‘काव्यादर्श’ या काव्यशास्त्राच्या ग्रंथात त्यावर चांगलाच खल केलाय. ‘अंधार जणू अंगाला माखतोय, आभाळ जणू काजळ बरसतंय’ अशा अर्थाची एक प्रसिद्ध ओळ घेऊन तो बजावतो की ‘इव’ दिसला म्हणून तिला उपमा म्हणू नका. माखणं ही क्रिया आहे, आणि क्रियापद उपमान होऊ शकत नाही. म्हणजे नुसत्या शब्दावर बोट ठेवून उत्तर देणारे विद्यार्थी दंडीच्याही समोर होते.

‘वाटतं’ या शब्दाची गोष्ट आणखी मजेची. ‘पाऊस पडेल असं वाटतं’ हे वाक्य मुलं बिनधास्त उत्प्रेक्षेत टाकतात. तो साधा अंदाज आहे. पन्हाळ्याकडून ढग आले की कुणीही करेल. तसंच ‘माझा दादा बाबांसारखा उंच आहे’ ही उपमा नव्हे. दोन माणसांच्या उंचीची ती तुलना झाली, त्यात कल्पनेला काही काम नाही. ‘दादा निलगिरीसारखा उंच’ म्हटलं की मात्र उपमा. पुराचं पाणी ‘कमरेएवढं’ होतं, हेही मापच. पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोक्याची पातळी ४३ फूट, हे राजाराम बंधाऱ्याचे आकडे इथली लहान पोरंसुद्धा घडाघडा सांगतात. पुरावर लिहायला सांगितलं की आधी आकडे आणि मापं येतात, अलंकार मागून. ऑगस्ट २०१९चा पूर ज्या घरांत शिरला, तिथल्या मुलांकडून तर पुरावर कविता मागूच नये, असं मला वाटतं. स्वतःहून लिहिली तर गोष्ट वेगळी.

वर्गात करायला गुळाचा एक खडा पुरतो. आधी उपमेचा साचा फळ्यावर: ‘गूळ अमुकसारखा तमुक.’ दगडासारखा टणक, मातीसारखा तपकिरी, अशी भराभर उत्तरं येतात. एखादी मुलगी ‘आजीसारखा गोड’ म्हणते. तिथे दोन मिनिटं थांबावं, कारण गुळाचा गोडपणा जिभेचा आणि आजीचा वेगळा, तरी उपमा पक्की बसते. मग दुसरा साचा: ‘गूळ जणू..., म्हणून तर...’ यातलं ‘म्हणून तर’ महत्त्वाचं. ते नसेल तर मुलं ‘गूळ जणू दगड’ लिहून मोकळी होतात. म्हणजे उपमेचीच वाक्यं, फक्त शब्द बदललेला. ‘म्हणून तर’ घातलं की डोकं चालवावंच लागतं. पावसाळ्यात डब्यातल्या गुळाला पाणी सुटतं, हे घराघरात पाहिलेलं असतं. तेवढं आठवण करून दिलं तरी पुरे: ‘गुळाला जणू शेताची आठवण येते, म्हणून तर पाऊस लागला की तो रडतो.’

‘गूळ जणू दगड’ ही चुकीची उत्प्रेक्षा आहे का? नाही. परीक्षेत तिला पूर्ण गुण मिळतील आणि मिळावेत. नियमाने ती उत्प्रेक्षाच, फक्त दुबळी. वहीत मात्र तिच्याखाली बरोबरची खूण करून ‘मग?’ एवढं लिहावं.

यातला ‘जणू’ही गाळला आणि ‘आला गुळाचा दगड’ म्हटलं, तर आपण रूपकात, म्हणजे दोन वस्तू एकच मानणाऱ्या अलंकारात, शिरतो. धुराचं ‘जणू’ काढून नुसतं ‘धूर आभाळाशी बोलतो’ म्हटलं की चेतनगुणोक्ती, म्हणजे निर्जीव वस्तूला सजीवासारखं वागवणं. मुलांना ही रूपं आवडतात, बोलण्यात ती येतातही. पण चौथीत चारही नावं एका दमात फळ्यावर लिहिली तर पोरं पुन्हा रांगा पाठ करायला लागतात. तिथे उपमा आणि उत्प्रेक्षा एवढीच जोडी ठेवावी. चाचणीत वाक्य देऊन ‘अलंकार ओळखा’ एवढ्यावर थांबण्याऐवजी खाली एक ओळ मोकळी सोडावी, ‘कशावरून ओळखलं?’ यासाठी. ‘जणू शब्द आहे म्हणून’ या उत्तराला अर्धा गुण.