साखळी–केरी–चोर्ला रस्ता

उत्तर गोव्यातील साखळीहून चोर्ला घाट चढून बेळगावला जाणारा रस्ता. पणजी आणि म्हापशाची वाहने डिचोलीमार्गे साखळीत येतात. तेथून भूमिका देवीचे पर्ये मागे टाकून रस्ता सत्तरी तालुक्यातील केरीला पोहोचतो. घाटाची चढण याच गावापासून सुरू होते. वळणे चढताना खाली अंजुणे धरणाचा जलाशय दिसत राहतो. गोवा, महाराष्ट्र आणि कर्नाटक यांच्या सीमा या घाटाच्या परिसरात एकमेकींना भिडतात. माथ्यावर सुमारे ८०० मीटर उंचीवर चोर्ला, पुढे कणकुंबी, जांबोटी आणि मग बेळगाव. घाटमाथ्यावरचे सुर्ला हे सत्तरीतील गावही याच रस्त्याने गोव्याशी जोडलेले आहे.

सत्तरीचा इतिहास या डोंगररांगेला सोडून सांगताच येत नाही. पोर्तुगीज अमलात इथल्या राणे घराण्याने वारंवार बंडे केली. १८५२ मध्ये दीपाजी राणे यांनी नाणूसचा किल्ला घेतला. १८९५ मध्ये मोझांबिकला जाण्यास नकार देणारे मराठा शिपाई पणजीहून निघून सत्तरीत आले आणि दादा राणे त्यांना मिळाले. बंडखोरांना आडोसा दिला तो इथल्या दाट रानाने. वर खानापूरकडे तर इंग्रजांचा मुलूख होता.

आज गोव्याच्या बाजारात येणाऱ्या बेळगावच्या भाजीपाल्याची ही महत्त्वाची वाट आहे. गोव्याहून कर्नाटकात जाणाऱ्या अनमोड घाटाला ती पर्याय ठरते. मात्र पावसाळ्यात दरडी आणि झाडे कोसळून वाहतूक थांबते, आणि अवजड वाहनांना बंदीचे आदेशही वेळोवेळी निघतात.

रस्त्याचे रुंदीकरण हवे, ही मागणी रास्त आहे. पण ते करताना कोणत्या रानात कुदळ पडते याचे भान हवेच. सत्तरीतील म्हादई अभयारण्य १९९९ मध्ये जाहीर झाले. मातीत बिळे करून राहणारा, पाय नसलेला देवगांडूळ हा उभयचर इथल्या ओल्या जमिनीत सापडतो. २००७ मध्ये त्याच्या दोन नव्या जातींची नोंद झाली. केरीतील जातीला ‘गोआएन्सिस’, तर चोर्ल्याच्या जातीला ‘म्हादेइएन्सिस’ हे नाव मिळाले.

कणकुंबीला माउलीच्या देवळापाशी मलप्रभा नदीचा उगम आहे. म्हादई नदीच्या खोऱ्यातील कळसा नाल्याचे पाणी मलप्रभेत वळवण्याचे कर्नाटकाचे काम इथलेच. म्हादई जलविवाद लवादाने ऑगस्ट २०१८ मध्ये पाणीवाटपाचा निवाडा दिला आणि गोव्याने त्याला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिले.