सां-सुल्पिसचा ऑर्गन: जुनं मोडलं नव्हतं

पॅरिसच्या सां-सुल्पिस चर्चमधला जुना ऑर्गन (हवेने नळ्या वाजवणारं अवाढव्य वाद्य) काव्हाये-कोल या फ्रेंच ऑर्गन-कारागिराने मोडीत काढून १८६२ साली कोरा करकरीत नवा बांधला, असं सर्रास सांगितलं जातं. ते खरं नाही. आधीचा ऑर्गन बांधणाऱ्या क्लिकोने १७८१ मध्ये बनवलेल्या कितीतरी नळ्या त्याने जपून आपल्या १०० स्टॉपांच्या (म्हणजे वेगवेगळ्या नादाच्या नळ्यांच्या संचांच्या) रचनेत बसवल्या. बाहेरचा भव्य लाकडी सांगाडाही वास्तुकार शालग्रँच्या आराखड्याचा, क्लिकोच्याच काळातला!

काव्हाये-कोलची खरी करामत आतल्या यंत्रणेत आहे. नळ्यांत हवा सोडणाऱ्या इतक्या झडपा एकाच पट्टीने उघडायच्या तर बोटं भरून यायची. त्याने बार्करची तरफ वापरली: पट्टी दाबली की हवेने छोटा भाता फुगतो आणि जड काम तोच करतो. १९९१ मध्ये पूर्ण झालेल्या जीर्णोद्धारातही ही रचना राखली गेली, याचं मला फार समाधान वाटतं.